एका ओळीतली फातिमा

डिसेंबर उजाडला की शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते आणि घराघरांतून एकच प्रश्न आमच्याकडे येतो, "टीचर, आमच्या मुलीला काही काम आहे का?" आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि आम्ही तिथे मराठी शिकवतो. त्यामुळे संमेलनातले मराठी नाटुकले दरवर्षी आमच्याच वाट्याला येते. कित्येक वर्षे आम्ही छापील नाटुकले घ्यायचो. मुले पाठ करायची, पालक टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जायचे. २०२४ च्या डिसेंबरात मात्र नववीच्या मुलींनी हट्ट धरला, की यंदाचे नाटक आपणच लिहायचे आणि तेही फातिमा शेख यांच्यावर.

हट्ट आम्हाला आवडला. मुलांकडून नाटक लिहून घ्यायचे तर सुरुवात कुठून करावी, असे पालक आणि शिक्षक मंडळी नेहमी विचारतात. त्या दीड महिन्यात जे शिकलो ते या वेळी मांडतो. त्यात आमची एक चूकही आहे, तीही सांगतो.

चार मुलींनी दोन दिवसांत पहिला मसुदा आणला. पडदा उघडतो, फातिमा पुढे येते आणि म्हणते, "मी फातिमा शेख. माझा जन्म ९ जानेवारी १८३१ रोजी झाला. मी भारतातील पहिली मुस्लिम शिक्षिका आहे." मग तिच्यावर दगड आणि शेण पडते. मग ती शिक्षणावर दीड पानाचे भाषण करते. शेवटी सगळ्या मुली हात जोडून उभ्या राहतात.

आम्ही विचारले, "ही कोणाशी बोलते आहे?"

"लोकांशी, टीचर."

"आणि पुढे आपल्याला पहिली म्हणणार आहेत, हे तिला तेव्हाच कसे कळले?"

मुली हसल्या. पण मुद्दा त्यांच्या लक्षात आला. तुमची अम्मी सकाळी चुलीपुढे उभी राहून "मी तुमची आई, माझे वय अडतीस" असे सांगत नाही. ती "दूध उतू गेलं बघ" म्हणते आणि तेवढ्यावरून आपल्याला ती कळते. पात्र स्वतःविषयी जितके कमी बोलेल, तितके ते खरे वाटते. त्या दीड पानाच्या भाषणाखाली आम्ही लाल रेघ मारली आणि मुलींना वाचनालयात घेऊन गेलो.

फातिमा शेख यांच्याविषयी आपल्या घरांत मोठ्या अभिमानाने बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण लिहायला बसलो, तेव्हा हाती काय आहे ते पाहावे लागले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाई फुले यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र आहे. सावित्रीबाई तेव्हा आजारपणामुळे माहेरी गेल्या होत्या. पत्रात दुखण्याची हकिकत आहे, भावाशी झालेला वाद आहे. या कामावरून भावाने त्यांना बोल लावले आणि त्यांनी त्याला उत्तर दिले, ते सगळे आहे. आणि त्यातच एका ओळीत फातिमाचे नाव येते. आपण इथे अडकून पडल्यामुळे तिकडे तिच्यावर भार पडत असेल, ही काळजी त्या ओळीत आहे. ती तो भार तोंडातून शब्द न काढता सोसेल, असा विश्वासही आहे.

एवढेच. एक ओळ.

मुलींचे चेहरे उतरले. एक म्हणाली, "टीचर, एका ओळीवर नाटक कसं होणार?" दुसरीने वेगळाच प्रश्न विचारला, "ती तक्रार करणार नाही, हे सावित्रीबाईंना इतक्या लांबून कसं माहीत?" त्या दिवशी आमच्याकडे याचे उत्तर नव्हते.

वर्गात परत येऊन आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला रकाना "कागदावर सापडते" असा. त्यात १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा आली. १८५१-५२ मध्ये बुधवार पेठ, रास्ता पेठ आणि वेताळ पेठेत निघालेल्या मुलींच्या शाळा आल्या. १८५६ चे पत्र आले. दुसरा रकाना "सांगितले जाते" असा. वडिलांचे घर सोडावे लागल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी गंज पेठेत आसरा दिला आणि फातिमा ही त्यांची बहीण, ही गोष्ट त्यात गेली. सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेल्या स्त्रीचे जुने छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ती फातिमाच, हेही त्याच रकान्यात गेले. ९ जानेवारी ही जन्मतारीख तिथेच गेली. तिसरा रकाना "आपण रचले". दगड, शेण आणि ते भाषण त्यात जाऊन बसले. सावित्रीबाईंवर लोकांनी शेणमाती फेकल्याची हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. मुलींनी ती उचलून फातिमाच्या अंगावर टाकली होती. पत्रातल्या त्या ओळीत असे काही नाही.

नाटकात रचावे लागतेच. पण काय रचले आहे, हे रचणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. घरी मुलांना ऐतिहासिक माणसावर एकपात्री प्रयोग बसवायचा असेल, तर हे तीन रकाने आधी कागदावर आखून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे आणि पुढच्या शंभर चुका टळतात.

मग आम्ही नियम केला की नाटक एकाच ठिकाणी आणि थोड्याच दिवसांत घडेल. ठिकाण शाळेची खोली, काळ १८५६ चा ऑक्टोबर, सावित्रीबाई गावी गेलेल्या. एका मुलीला गफ्फार बेग मुन्शींना आणायचे होते. जोतीरावांची शाळा सुटली तेव्हा मुलाला परत शाळेत घाला असे त्यांच्या वडिलांना समजावणाऱ्यांत हे मुन्शी होते, हे तिने वाचले होते. गोष्ट मोठी गोड आहे. पण जोतीराव मिशनच्या शाळेत गेले ते १८४१ मध्ये आणि आपले नाटक पंधरा वर्षांनंतरचे. आवडलेली प्रत्येक गोष्ट एकाच नाटकात कोंबली की कोणतीच उभी राहत नाही. मुन्शींना पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले.

मुक्ता साळवेचा निबंध मात्र कामी आला. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आम्ही तो वर्गात वाचून दाखवला. तिला नाटकात आणले नाही, पण त्या शाळेतल्या मुली कशा असतील याचा अंदाज आला. आमच्या मसुद्यातल्या विद्यार्थिनी नुसत्या माना डोलवत होत्या. निबंध ऐकल्यावर त्या प्रश्न विचारू लागल्या.

आता फातिमा. पात्र उभे करताना आम्ही मुलींना दोनच प्रश्न दिले. तिला आज काय हवे आहे? आणि ते मिळू नये असे काय आडवे येते आहे? "तिला समाज सुधारायचा आहे" हे उत्तर आम्ही घेतले नाही, कारण ते रंगमंचावर करून दाखवता येत नाही. दोन दिवस वाद झाले आणि उत्तर निघाले ते असे, की सावित्रीबाई परत येईपर्यंत शाळेतली एकही मुलगी गळू नये, एवढेच तिला हवे आहे. आडवे येते ते घरकाम, आजारपण, शेजाऱ्यांची कुजबुज. हे तिसऱ्या रकान्यातले होते, पण पहिल्या रकान्यातल्या ओळीला धरून होते.

फातिमाच्या कामासाठी आम्ही एक शांत मुलगी निवडली. आवाज बारीक, पण उच्चार स्वच्छ. तालीम रोज साडेतीनला. ती पहिल्या दिवशी वीस मिनिटे उशिरा आली, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी आम्ही सगळ्यांसमोर बोललो, "काम नको असेल तर सरळ सांग. इथे दहाजणी वाट पाहत बसतात." ती म्हणाली, "सॉरी, टीचर." दुसरे काही बोलली नाही. आम्ही काम काढून दुसरीला दिले.

संध्याकाळी मन खात राहिले. तिच्या मोहल्ल्यातून जाताना घरी डोकावलो. अम्मी शिलाई मशीनवर होती, बाजूला कापलेल्या कपड्यांचा ढीग. नळाला पाणी साडेतीनला येते आणि तासाभरात जाते. ते भरायचे, बालवाडीतून धाकट्या भावाला आणायचे आणि मग तालमीला यायचे, असा तिचा रोजचा क्रम होता. तिने घरीही सांगितले नव्हते की शाळेत बोलणी बसतात.

ओसरीवर खाटेवर नानी पडून होती. वीस-बावीस वर्षे तिने गल्लीतल्या मुलींना कायदा आणि कुरआन शरीफ वाचायला शिकवले. आता पाय साथ देत नाहीत, तर नात शिकवते आणि नानी पडल्या पडल्या ऐकते. आम्ही बसलो असताना मगरिबनंतरची मुले आली. नानीने मान न वळवता विचारले, "आज कित्ते आये गे?"

"छे, नानी."

"कल तो आठ थे. दो कां है?"

आम्ही चहा न घेता उठलो, कारण घशाखाली उतरला नसता. आमच्या वर्गातल्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. ती तक्रार करणार नाही, हे सावित्रीबाईंना माहीत होते, कारण त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले होते. आजारी अंथरुणावरून, इतक्या मैलांवरून त्यांना तिचा त्रास दिसला. आम्हाला पाच हातांवरची मुलगी दिसली नव्हती. न कुरकुरणाऱ्या माणसाचे आपण कौतुक फार करतो, पण त्याला काही दुखते आहे का, हे विचारायचे राहून जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर तिची माफी मागितली, जिला काम दिले होते तिलाही विचारले आणि तालीम पाचला ठेवली. जिला काम दिले होते ती आनंदाने सूत्रधार झाली. मराठीत तालीम म्हणजे सराव आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. त्या आठवड्यात दोन्ही आमचीच झाली.

संहिता मग भराभर लिहून झाली. कोणाचेही वाक्य दोन ओळींपेक्षा मोठे नको, कारण माईक एकच असतो आणि मुले घाईत बोलतात. लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून पाहायचे. श्वास पुरला नाही तर तोडायचे. नऊ पात्रे, बारा मिनिटे. संगीत नाही, फक्त पाट्यांवर लिहिण्याचा आवाज. पहिला प्रवेश मुलींनी असा लिहिला:

(वर्ग. सहा मुली जमिनीवर बसल्या आहेत. फातिमा दारात उभी राहून बोटांवर मोजते.)

फातिमा : सहा. काल आठ होत्या.

पहिली : ती नाही येणार, बाई. तिची आई म्हणाली, मोठ्या बाईच गावी गेल्या, आता कसली शाळा!

फातिमा : आणि दुसरी?

दुसरी : ती दारापर्यंत आली होती. मग परत गेली.

फातिमा : का?

दुसरी : तुम्ही एकट्याच दिसलात म्हणून.

(फातिमा थांबते. मग खाली पडलेली पाटी उचलून पुसते.)

फातिमा : तुम्ही कालचा धडा लिहा. मी तिच्या घरी जाऊन येते.

तिसरी : आणि तुम्ही येईपर्यंत आम्हाला कोण शिकवणार?

फातिमा : तू.

पहा, यात कोणी शिक्षणाचे महत्त्व सांगितलेले नाही. पण शेवटच्या "तू"वर वर्गातल्या मुली स्वतःच खूष झाल्या.

आणि मग ९ जानेवारी आली. त्याच दिवशी एका लेखकाने समाजमाध्यमावर दावा केला, की फातिमा शेख नावाची कोणी नव्हतीच, हे पात्र आपण स्वतः रचले. शुक्रवारी सकाळी शाळेत पोचलो तर निम्म्या वर्गाला ते कळलेले. घरच्या फोनवर आले होते. फातिमाचे काम करणारी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "टीचर, मग मी कोणाचं काम करते आहे?" काही मुली चिडल्या होत्या. एकीने तर नाटकात त्या लेखकाला शिव्या घालणारे वाक्य लिहूनही आणले होते.

आम्ही म्हटले, हे ओरडून ठरत नाही, पान उघडून ठरते. वाचनालयातून ते पुस्तक आणले. १९८८ चे पुस्तक, समाजमाध्यमे जन्मायच्या आधीचे. त्यात १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र आणि पत्रात फातिमाचे नाव. ते पुस्तक वर्गात हातोहात फिरले. प्रत्येक मुलीने त्या ओळीवर बोट ठेवून ती वाचली. नाव काल-परवा कोणी रचले असे म्हणता येत नाही, हे त्यांचे त्यांनाच दिसले.

पण आम्ही तिथे थांबलो नाही. मुलींना विचारले, "आपल्या पहिल्या मसुद्यात या ओळीतले किती होते?" कोणी बोलेना. मग एकजण म्हणाली, "नाव." जन्मतारीख, दगड, शेण, भाषण, सगळे बाहेरचे. आपल्या माणसांवरच्या प्रेमापोटी आपण त्यांच्या नावावर नाना गोष्टी जोडतो. पण ज्या दिवशी त्यातली एक खोटी ठरते, त्या दिवशी लोक खरी गोष्टही उचलून फेकतात. फातिमाला मोठे करायला दगडांची गरज नव्हती. दुसरी शिक्षिका आजारी पडली आणि हिने शाळा चालू ठेवली असेल, असे त्या ओळीवरून दिसते. एवढे पुरेसे आहे.

शिव्यांचे वाक्य गळले. त्याऐवजी सूत्रधाराच्या तोंडी सुरुवातीलाच चार वाक्ये घातली: फातिमा शेख यांचे नाव सावित्रीबाईंच्या एका पत्रात आहे. त्यांच्याविषयी बाकी बरेच सांगितले जाते. आज तुम्ही पाहाल त्यातले प्रसंग आम्ही कल्पिले आहेत. ती एक ओळ मात्र आम्ही कल्पिलेली नाही.

आमच्या एका सहकाऱ्यांना हे पटले नाही. "आधीच कबुली दिलीत तर लोक काय पाहतील?" असे ते म्हणाले. आम्हालाही धाकधूक होतीच.

२५ जानेवारीला, शनिवारी संध्याकाळी, प्रयोग झाला. सूत्रधाराची चार वाक्ये झाली आणि मंडपातली कुजबुज थांबली. आपल्याला कोणी फसवत नाही हे कळले की माणसे लक्ष देऊन ऐकतात, हे आम्ही त्या दिवशी पाहिले. शेवटच्या प्रवेशात सावित्रीबाई गावाहून परत येतात, वर्गाच्या दारात थांबतात आणि विचारतात, "फार त्रास झाला का गं?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे यावर मुली आठवडाभर भांडल्या होत्या. "नाही" म्हणावे तर खोटे, "हो" म्हणावे तर ती फातिमा नव्हे. शेवटी फातिमाचे काम करणाऱ्या मुलीनेच वाक्य सुचवले. ती बोटांवर मोजते आणि म्हणते, "आठच्या आठ आल्यात." पडदा.

अम्मी मशीन बंद ठेवून आली होती. नानीला येता आले नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी सांगत होती, की घरी गेल्या गेल्या नानीने पहिला प्रश्न हाच विचारला, "कित्ते लोगां आये थे?"

वाचक पालकांनो, तुमच्या घरात मूल एखादे काम बसवत असेल, तर वाक्ये पाठ करून घेण्याआधी त्याच्याबरोबर बसा. या माणसाविषयी आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि आपण काय रचतो आहोत, हे त्याच्याकडून लिहून घ्या. त्या माणसाला आज काय हवे होते, ते विचारा. आणि पात्रासाठी नमुना शोधायला फार लांब जाऊ नका. घरात जी व्यक्ती कधी तक्रार करीत नाही, तिच्याजवळ मुलाला अर्धा तास बसवा. फक्त त्याआधी आपणही तिला एकदा विचारावे, काही त्रास होतो आहे का म्हणून.

मुन्शींच्या नाटकाची तयारी यंदा आठवीच्या मुलांनी मागितली आहे. तीन रकाने त्यांनी स्वतःच आखून आणले. इन्शाअल्लाह, त्याविषयी पुढे कधीतरी.